घरासाठी धुलाईयंत्र निवडताना : नळ, वीजमापक आणि कपड्यांची दोरी

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, देशात घरकाम करणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रियांचा दिवसातील सरासरी 299 मिनिटांचा वेळ विनामोबदला घरकामात खर्च होत होता. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हाच आकडा 97 मिनिटांचा होता. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे 289 आणि 88 असे आढळले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांच्या वाट्याचीही जवळपास तेवढीच!

या घरकामात सर्वांत अंगमेहनतीचे काम धुण्याचे. पाणी भरणे, कपडे भिजवणे, साबण लावणे, घासणे, बडवणे, दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढणे, पिळणे, वाळत घालणे आणि शेवटी घड्या करणे, अशा कामांची ती साखळी आहे. धुलाईयंत्राने यातील मधल्या चार-पाच कड्या उचलल्या; पहिली आणि शेवटच्या दोन कड्या मात्र बहुतांश माणसाकडेच राहिल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत धुलाईयंत्र असणाऱ्या घरांचे प्रमाण देशात पाचांतील एकाहूनही कमी होते. त्यामुळे येत्या काळात कोट्यवधी घरांत हे यंत्र प्रथमच येणार आहे. पाच-दहा वर्षे वापरायची ही वस्तू पुष्कळदा अर्ध्या तासात, दुकानातील झगमगाटात आणि हप्त्याच्या रकमेकडे पाहून निवडली जाते. दुकानात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात : माणसे किती, रंग कोणता, खर्च किती करणार? घरच्या नळाला पाणी कोणत्या दाबाने येते, ते कोठून येते आणि कपडे वाळत कोठे घालता, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. यंत्र सुखाचे ठरणार की डोकेदुखीचे, हे मात्र याच प्रश्नांवर अवलंबून असते.

गाव आणि शहर यांच्या सीमेवर

म्हैसूर शहराच्या वायव्य कडेला हुणसूर रस्त्यावर असलेले हिनकल हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे ठिकाण आहे. नन्नेश्वराच्या जुन्या देवळाचे हे गाव. बाह्य वळणरस्ता येथे हुणसूर रस्त्याला छेदतो आणि त्या चौकावर आता उड्डाणपूल आहे. एका बाजूस विजयनगर वसाहतीचा विस्तार, दुसऱ्या बाजूस हेब्बाळ आणि हूटगळ्ळी येथील औद्योगिक क्षेत्रे व माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे परिसर, यांच्यामध्ये सापडलेल्या या गावात शेताच्या जागी भूखंड पडले आणि भूखंडांवर दुमजली घरे उभी राहिली. दीर्घकाळ ग्रामपंचायतीचा कारभार असलेले हिनकल पुढे हूटगळ्ळी नगरसभेच्या हद्दीत आले. पुणे, नाशिक, चाकण, हिंजवडी यांच्या कडेच्या गावांत राहणाऱ्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

अशा वस्तीत जुन्या आणि नव्या सोयी शेजारीशेजारी नांदतात. कर्नाटकातील घरांच्या मागील बाजूस किंवा गच्चीवर धुण्याचा दगड असतो. कन्नडमध्ये त्यास ‘ओगेयुव कल्लु’ म्हणतात. कमरेइतक्या उंचीच्या ओट्यावर तो बसवलेला असल्याने धुणे उभ्याने होते. आपल्याकडे न्हाणीत किंवा नदीकाठी उकिडवे बसून धुण्याची जी पद्धत होती, तिच्यापेक्षा ही पाठीला कितीतरी सुसह्य. धुलाईयंत्र येते तेव्हा तेही बहुधा या दगडाशेजारीच ठेवले जाते. दगडही मोडीत निघत नाही. सदऱ्याची कॉलर, पायपुसणी आणि लहान मुलांचे चिखलाचे कपडे यांच्यासाठी तो राखून ठेवतात. यात मागासलेपण काही नाही. ज्या चार कपड्यांना घासणीची गरज आहे त्यांच्यासाठी सगळ्याच कपड्यांना दोन तासांच्या ‘जड’ धुलाईतून काढण्यापेक्षा हा मार्ग काटकसरीचा आहे.

नळाचे गणित

ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने दरमाणशी दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी हेच प्रमाण 135 लिटर मानले जाते. चार माणसांच्या कुटुंबाला पहिल्या हिशेबाने दिवसाला 220 लिटर आणि दुसऱ्या हिशेबाने 540 लिटर पाणी मिळेल. वरून कपडे टाकण्याचे पूर्ण स्वयंचलित यंत्र सहा-सात किलो कपड्यांच्या एका धुण्याला साधारणतः 100 ते 150 लिटर पाणी घेते. समोरून कपडे टाकण्याचे यंत्र तेवढ्याच कपड्यांना 45 ते 65 लिटरांत धुते, कारण त्यात कपडे पाण्यात बुडवून ठेवलेले नसतात. आडव्या ड्रममध्ये ते वर उचलले जाऊन पुन्हा खाली पाण्यात आपटतात. म्हणजे धुलाईयंत्र आले की शहरी प्रमाण मिळणाऱ्या घरात धुण्याला पाण्याचा पाचवा-चौथा हिस्सा लागेल, तर ग्रामीण प्रमाणाच्या घरात त्या दिवशीचे निम्म्याहून अधिक पाणी एकट्या यंत्राच्या पोटात जाईल. गावाचे शहर होत असताना कागदावर बदल झटकन होतो. नळाला शहराचे प्रमाण यायला वेळ लागतो. तोपर्यंत यंत्र घेणाऱ्याने आपल्या टाकीचे माप ध्यानात घ्यावे, हे बरे.

दुसरा मुद्दा दाबाचा. पूर्ण स्वयंचलित यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. तो अनेकदा 0.3 बार असतो, काही यंत्रांना अधिकही लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे सुमारे एक बार. यावरून 0.3 बारसाठी टाकीतील पाणी यंत्राच्या नळापेक्षा निदान तीन मीटर उंच असले पाहिजे. आता हिनकलसारख्या ठिकाणच्या दुमजली घराचा विचार करावा. टाकी गच्चीवर, मीटरभर उंचीच्या चौथऱ्यावर. तळमजल्यावरील घरमालकाच्या यंत्राला पाच-सहा मीटरांची उंची सहज मिळते. वरच्या मजल्यावरील भाडेकरूचे घर टाकीच्या अगदी खाली असते आणि म्हणूनच त्याला जेमतेम तीन मीटर मिळतात. गच्चीवर, टाकीच्या शेजारीच यंत्र ठेवणाऱ्याला तर मीटरभरही मिळत नाही. पाणी थेंबथेंब येते, ठरावीक वेळेत ड्रम भरला नाही की यंत्र चुकीचा संकेत दाखवून थांबते आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. उपाय साधे आहेत : टाकीचा चौथरा उंच करणे, दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे, किंवा कमी दाबावर चालणारे यंत्र मुद्दाम विचारून घेणे. हे विकत घेण्यापूर्वी कळले तर खर्च वाचतो. नंतर कळले तर पंप घ्यावाच लागतो.

तिसरा मुद्दा पाण्याच्या गुणाचा. म्हैसूरचा पाणीपुरवठा मुख्यतः कावेरी आणि कबिनी या नद्यांवर अवलंबून आहे. शहराच्या कडेच्या वसाहतींना मात्र कूपनलिकांचाही आधार घ्यावा लागतो. नदीचे पाणी सामान्यतः सुफेन, तर खडकातून झिरपलेले कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा दुष्फेन, म्हणजे बोलीभाषेत जड असते. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येते. पिण्यास चालणारे पाणी यंत्राला मानवतेच असे नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार धुण्याच्या पावडरीचा काही भाग निकामी करतात, कपडे राठ होतात, पांढरे कपडे करडे दिसू लागतात. पाणी तापवणाऱ्या यंत्रात तर तापकावर चुन्याचे कवच चढते आणि वीज अधिक जळते. परीक्षा घरीच करता येते. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा किस टाकावा व जोरात हलवावे. भरपूर फेस टिकला तर पाणी सुफेन. फेसाऐवजी दह्यासारखा साका तरंगला तर दुष्फेन. धुण्याच्या पावडरीने ही परीक्षा होत नाही, कारण तिचा फेस जड पाण्यातही बऱ्यापैकी होतो. पाणी दुष्फेन निघाल्यास गरम धुलाईचा वापर कमी ठेवावा, पावडर थोडी अधिक घालावी आणि कावेरीचे पाणी येण्याचे दिवस ठरलेले असतील तर मोठे धुणे त्या दिवशी काढावे.

यंत्राशेजारी कोणी उभे राहायचे?

बाजारात यंत्राचे तीन प्रकार मिळतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे : दोन टोपल्यांचे अर्धस्वयंचलित, वरून कपडे टाकण्याचे पूर्ण स्वयंचलित आणि समोरून कपडे टाकण्याचे पूर्ण स्वयंचलित. किंमत याच क्रमाने वाढत जाते. परंतु यातील खरा फरक वेळेचा आहे. अर्धस्वयंचलित यंत्रात पाणी सोडणे, ते काढून टाकणे, खळबळण्यासाठी पुन्हा भरणे आणि ओले कपडे उचलून शेजारच्या टोपलीत घालणे ही कामे माणसालाच करावी लागतात. यंत्र चालू असताना कोणीतरी हाताशी असावे लागते, आणि ते ‘कोणीतरी’ कोण, हे सर्वेक्षणाच्या आकड्यांनी आधीच सांगितले आहे. सकाळी सातला नळाला पाणी येते, आठला मुलांची शाळा आणि नऊला कारखान्याची किंवा कचेरीची बस, अशा घरात अर्धस्वयंचलित यंत्राची किंमत दररोज पाऊण तासाने चुकवली जाते.

तथापि अर्धस्वयंचलित यंत्राला नाके मुरडण्याचेही कारण नाही. नळाला दाब नसेल तर ते बादलीने भरता येते. वीज मध्येच गेली तर काम हाताने पुरे करता येते. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी पायपुसणी असे तीन घाणे काढण्याची काटकसर त्यातच शक्य आहे. पाण्याची ओढ असलेल्या आणि दिवसा घरी माणूस असलेल्या कुटुंबाला ते आजही योग्य ठरते.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात एक विचार करायला लावणारे निरीक्षण मांडले आहे. घरात यंत्रे आली तरी गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेइतके घटले नाहीत, कारण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी धोबी, मोलकरीण किंवा घरातील इतर माणसे करीत ती कामेही तिच्याकडे आली. आपल्याकडेही यंत्र आल्यानंतर एकदा अंगावर घातलेला सदरा थेट धुण्यात पडू लागतो. चादरी पंधरवड्याऐवजी आठवड्याला निघतात. यंत्राची क्षमता ठरवताना याचा विचार करावा लागतो.

क्षमता ठरवण्याची विश्वसनीय रीत म्हणजे आठवडाभर दररोजचे कोरडे धुणे पिशवीत भरून ताणकाट्यावर तोलणे. चार माणसांच्या घरात ते दिवसाला साधारण तीन किलोच्या आसपास भरते. एक दिवसाआड धुणे काढले तर सहा-सात किलोचे यंत्र पुरते. जाड चादरी आणि रजया वर्षातून चारदा धुवाव्या लागतात, म्हणून नऊ किलोचे यंत्र घेणे म्हणजे दिवाळीच्या पाहुण्यांसाठी वर्षभर मोठे घर भाड्याने घेण्यासारखे आहे. उलट यंत्र कोंबून भरले तर कपडे हलत नाहीत, मळ निघत नाही आणि पावडरीचे पांढरे डाग राहतात.

‘ड्रायर’ या शब्दाचा घोटाळा

निवडीत सर्वाधिक फसगत होते ती वाळवण्याच्या बाबतीत. अर्धस्वयंचलित यंत्रातील ज्या लहान टोपलीला सर्रास ड्रायर म्हटले जाते, ती कपडे वाळवत नाही, पिळते. पूर्ण स्वयंचलित यंत्रातील शेवटची जलद फिरकीही पिळणेच होय. खरा ड्रायर म्हणजे गरम हवेने कपड्यातील पाणी वाफ करून काढणारे यंत्र. या दोहोंतील फरक विजेच्या देयकात लख्ख दिसतो.

एक लिटर पाण्याची वाफ करण्यासाठी किमान 0.67 युनिट ऊर्जा लागते. हा निसर्गाचा दर आहे. त्यात कोणत्याही कंपनीला सूट मिळत नाही. सहा किलो सुती कपडे मिनिटाला 1000 फेऱ्यांनी पिळले तर त्यांत त्यांच्या वजनाच्या सुमारे 60 टक्के, म्हणजे 3.6 लिटर पाणी उरते. ते उडवायला किमान 2.4 युनिट हवेत आणि प्रत्यक्षात तापक असलेला साधा ड्रायर साडेतीन ते चार युनिट घेतो. हेच कपडे 1400 फेऱ्यांनी पिळले तर सुमारे तीन लिटर पाणी उरते. म्हणजे अर्धा लिटरभर पाणी फिरकीनेच निघून गेले, आणि त्या जादा फिरकीला लागलेली वीज तापवण्याच्या विजेपुढे नगण्य असते. पाणी पिळून काढणे अत्यंत स्वस्त आणि तापवून उडवणे अत्यंत महाग, हे सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

फेऱ्यांच्या आकड्याबाबतही सावध राहावे लागते. कपड्यातून पाणी फेकले जाते ते फेऱ्यांइतकेच ड्रमच्या व्यासावरही अवलंबून असते. समोरून कपडे टाकण्याच्या यंत्राचा ड्रम 48 सेंटिमीटर व्यासाचा धरला तर 1000 फेऱ्यांना ड्रमच्या कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 270 पट बल पडते. 1400 फेऱ्यांना ते सुमारे 525 पट होते. फेऱ्या दीडपटीहूनही कमी वाढल्या, पण बल जवळपास दुप्पट झाले. अर्धस्वयंचलित यंत्रावर 1300 फेऱ्या असे ठळक लिहिलेले असते, परंतु तिच्या पिळण्याच्या टोपलीचा व्यास 24 सेंटिमीटरच्या आसपास असल्याने प्रत्यक्ष बल 225 पटींपर्यंतच पोहोचते. वरून कपडे टाकण्याच्या, 700 फेऱ्यांच्या यंत्रात ते 135 पटींच्या घरात राहते. म्हणूनच या यंत्रातून निघालेली जाड तुवाले दोरीवर टाकल्यावर ठिबकत राहतात. फिरकी वाढली की सुरकुत्याही वाढतात, हे खरे. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना 400 ते 600 फेऱ्याच पुरेत.

धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणारी जोडयंत्रेही बाजारात आहेत. जागा कमी असलेल्या सदनिकेत ती मोहात पाडतात. दोन गोष्टी मात्र माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत दडलेल्या असतात. यंत्र आठ किलो धूत असले तरी वाळवते त्याच्या निम्मे ते दोन-तृतीयांशच. उरलेले ओले कपडे बाहेर काढून ठेवावे लागतात. शिवाय त्यांतील बरीच यंत्रे वाफेचे पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी वापरतात, म्हणजे कपडे कोरडे करण्यासाठी पुन्हा काही बादल्या पाणी जाते. पाण्याची ओढ असलेल्या घराने हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उष्णता-पंपावर चालणारा ड्रायर हा यातील सुधारलेला प्रकार. शीतकपाटाच्या तत्त्वावर तो तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो आणि साध्या ड्रायरच्या निम्म्याहून कमी विजेत काम करतो. स्वित्झर्लंडने 2012 पासून केवळ याच प्रकारच्या ड्रायरना बाजारात प्रवेश दिला. युरोपीय संघानेही 1 जुलै 2025 पासून घरगुती वापरासाठी नव्याने विक्रीस येणाऱ्या ड्रायरबाबत तेच धोरण लागू केले. जेथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने कपडे बाहेर वाळत नाहीत, त्या देशांची ही गोष्ट आहे.

हिनकलला ड्रायर हवा का?

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर आहे आणि तेथील वार्षिक पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास असतो. तोही एका दमात पडत नाही. मे महिन्यात वळवाचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा असे त्याचे दोन भर असतात. जून-जुलैत आभाळ भरलेले, भुरभुर पाऊस आणि वारा. कपडे वाळण्यासाठी उन्हाइतकाच वारा महत्त्वाचा असल्याने छपराखालच्या दोरीवर या दिवसांतही कपडे संध्याकाळपर्यंत बहुधा वाळतात. गच्चीच्या एका चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिटांच्या आसपास सौर ऊर्जा पडते. ड्रायर एका घाण्याला मागतो तेवढी वीज दररोज डोक्यावर फुकट ओतली जात असते. हिनकलच्या गच्ची असलेल्या घराला ड्रायरची गरज नाही, असे निःशंकपणे म्हणता येते.

मुंबईचे गणित वेगळे आहे. सांताक्रूझ येथे एकट्या जुलै महिन्यात सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे म्हैसूरचा वर्षभराचा पाऊस एका महिन्यात! रत्नागिरी-सावंतवाडीकडे त्याहून ओल. दमट हवेत कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो. शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची दुपटी वाळवण्याची रीत कोकणातील जुन्या घरांना परिचित आहे; तोही ड्रायरच होता. अशा ठिकाणी, त्यातही घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर, ड्रायरला चैन म्हणता येणार नाही. तरीही तो घेण्यापूर्वी जलद फिरकीने कपडे पिळून ते खोलीत पंख्याखाली टाकून पाहावेत. 75 वॉटचा पंखा आठ तास चालला तर 0.6 युनिट वीज लागते, चार युनिट नव्हे. खिडकी मात्र थोडी उघडी हवी, नाहीतर कपड्यांतील ओल भिंतींत जाते.

वीजमापकाच्या बाजूने पाहिले तर हिनकलच्या कुटुंबाला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. कर्नाटक शासनाने 2023 मध्ये सुरू केलेल्या ‘गृह ज्योती’ योजनेत घराच्या 2022-23 मधील सरासरी वापरावर आधारित मर्यादेपर्यंत वीज निःशुल्क मिळते. मर्यादेबाहेर पण 200 युनिटांच्या आत वापर झाल्यास फरकाचे पैसे द्यावे लागतात. आणि महिन्याचा वापर 200 युनिटांपलीकडे गेला तर सर्वच वापराचे देयक भरावे लागते. समजा एखाद्या घराचा वापर 155 युनिट आहे. एक दिवसाआड थंड पाण्याने यंत्र चालवले तर महिन्यात जेमतेम दोन-तीन युनिट वाढतील. याच घराने साधा ड्रायर घेतला आणि महिन्यात पंधरा वेळा चालवला तर साठ युनिटांची भर पडून आकडा 215 वर जातो आणि साऱ्या महिन्याची सवलत हातची जाते. उष्णता-पंपाचा ड्रायर पंचवीस युनिटांच्या आसपास घेईल. 200 च्या आत राहता येईल, पण काठाकाठाने.

गरम पाण्याच्या धुलाईचेही असेच आहे. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 40 अंशांपर्यंत नेण्यास सुमारे पाव युनिट आणि 60 अंशांपर्यंत नेण्यास 0.6 युनिट लागते. रोजच्या घामा-धुळीच्या कपड्यांना म्हैसूरच्या नळाचे पाणी पुरेसे आहे. 60 अंशांची गरज आजारी माणसाची अंथरुणे-पांघरुणे आणि लंगोट यांनाच. तापक असलेले यंत्र दोन हजार वॉटपर्यंत वीज ओढते, म्हणून त्याला 16 अँपिअरचा खटका आणि खात्रीची अर्थिंग हवी. सहा अँपिअरच्या खटक्याला लांब वायर जोडून गच्चीवर यंत्र चालवणे धोक्याचे आहे आणि पावसाळ्यात तर ते प्राणावर बेतू शकते.

लेबल, हमी आणि मोडीत निघणारे यंत्र

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलावर धुलाईयंत्राच्या बाबतीत कपड्यांच्या किलोमागे, एका धुण्याला लागणारी वीज आणि पाणी दिलेले असते. ताऱ्यांपेक्षा हे आकडे वाचावेत. वेगवेगळ्या प्रकारच्या यंत्रांचे तारे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. पाच तारे मिळवलेले वरून कपडे टाकण्याचे यंत्रही समोरून टाकण्याच्या यंत्रापेक्षा अधिक पाणी घेऊ शकते.

‘दहा वर्षांची हमी’ बहुधा केवळ मोटारीची असते. मोटार क्वचितच बिघडते. बिघडतो तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, दाराचे रबर, पाणी सोडणारी झडप आणि पाणी काढणारा पंप. यांची हमी किती, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि दुरुस्ती केंद्र गावापासून किती अंतरावर आहे, हे लेखी घ्यावे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी संकेतस्थळ सुरू केले आहे आणि तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक उपलब्ध आहे. जुने यंत्र भंगारवाल्याला देण्याऐवजी नव्या यंत्राच्या विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रावर द्यावे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत धुलाईयंत्राचा समावेश आहे.

हे सर्व लक्षात घेता हिनकलच्या त्या दुमजली घरातील तळमजल्याच्या कुटुंबाला, आई-वडील दोघेही नोकरी करणारे असतील तर, समोरून कपडे टाकण्याचे, सात किलोचे, 1200 ते 1400 फेऱ्यांचे यंत्र योग्य ठरेल. वरच्या मजल्यावरील भाडेकरूने आधी टाकीची उंची मोजावी. ती कमी असेल आणि घरमालक चौथरा वाढवण्यास राजी नसेल तर अर्धस्वयंचलित यंत्रच बरे. घर बदलताना तेच उचलून नेणे सोपे, कारण समोरून कपडे टाकण्याच्या यंत्राचे वजन साठ-सत्तर किलो असते आणि ते जिन्यावरून दोघांनाही जड जाते. ड्रायरसाठी वेगळे काढलेल्या पैशांतून गच्चीवर पत्र्याचे छोटे छप्पर आणि त्याखाली कपिलीवर वर-खाली होणाऱ्या चार दोऱ्या बसवता येतात. दोरी खाली घेतल्यावर ती छातीच्या उंचीवर यावी, इतकी सैल ठेवावी. म्हणजे आजीला टाचा उंचावाव्या लागत नाहीत आणि बारा वर्षांच्या मुलाला ‘हात पोहोचत नाही’ हे कारण सांगता येत नाही.